नदीचा वाटा

मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेवर नालासोपारा नावाचे स्थानक आहे. त्याच्या पूर्वेस तुळिंज वसले आहे. त्यास गाव म्हणावयाचे ते केवळ जुन्या सवयीने. जेथे पूर्वी भाताची खाचरे होती, तेथे आता चाळी आणि इमारती एकमेकींस खेटून उभ्या आहेत. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या हद्दीत तुळिंज येते. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. त्यानंतर ती पुष्कळच वाढली आहे.

एवढ्या वस्तीस पाणी पुरविणे हे सोपे काम नव्हे. जवळच पेल्हार आणि उसगाव येथे दोन लहान धरणे आहेत. पेल्हारपासून रोज सुमारे १ कोटी लिटर व उसगावपासून सुमारे २ कोटी लिटर पाणी मिळते. आकडे ऐकावयास मोठे वाटतात. पण एवढ्या माणसांच्या पंक्तीत हे पाणी म्हणजे पानाच्या डावीकडे वाढलेली चटणी होय. पोट भरावयाचे ते सूर्या नदीच्या पाण्याने.

ही सूर्या नदी तुळिंजच्या आसपास कोठेही दिसत नाही. ती जव्हारच्या डोंगराळ प्रदेशातून निघते, विक्रमगड, डहाणू व पालघर या तालुक्यांतून वाहत येते आणि शेवटी वैतरणा नदीस मिळते. वैतरणेचा उगम नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वराजवळच्या डोंगरांत आहे. गोदावरीचा उगमही त्याच परिसरातला. पण गोदावरी पूर्वेची वाट धरते, तर वैतरणा पश्चिमेची. वाटेत पिंजाळ, देहर्जा, सूर्या, तानसा अशा नद्यांना पोटाशी घेऊन ती अर्नाळा आणि दातिवरे या गावांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीच अर्नाळ्याचा जुना जलदुर्ग उभा आहे. म्हणजे ज्या नदीचे पाणी तुळिंजच्या नळांना येते, तिचा उगम दूरच्या डोंगरांत असला, तरी तिचा शेवट मात्र तुळिंजपासून अवघ्या काही कोसांवर होतो. ही गोष्ट तेथील फार थोड्या लोकांच्या ध्यानी असते.

सूर्येचे पाणी इतक्या दुरून का आणावे लागले? वसईच्या भूमीत पाणी नव्हते काय? होते, आणि ते गोड होते. वसईच्या किनारपट्टीवर केळीच्या, फुलांच्या आणि पानवेलींच्या वाड्या होत्या. प्रत्येक वाडीत विहीर असे आणि विहिरीवर बैल किंवा रेडा रहाटगाडगे फिरवीत असे. वाड्यांच्या मधूनमधून 'बावखले' असत. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठविण्यासाठी राखलेले लहानसे तळे. त्यात साठलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींस जिवंत ठेवी.

समुद्रकाठच्या जमिनीत एक विलक्षण तोल असतो. खोलवर समुद्राचे खारे पाणी असते आणि त्याच्यावर पावसाचे गोडे पाणी तरंगत असते. गोडे पाणी खाऱ्याहून हलके, म्हणून ते वर राहते. विहिरीतून जितके पाणी काढावे तितके पाऊस पुन्हा भरून देत असेल, तर हा तोल वर्षानुवर्षे टिकतो. रहाटाने काढलेले पाणी पावसाच्या हिशेबात बसणारे होते. पुढे विजेचे पंप आले. शहर वाढू लागले, आणि वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरमध्ये भरून नव्या इमारतींकडे जाऊ लागले. वरचे गोडे पाणी जसे उपसले गेले, तसे खालचे खारे पाणी वर चढले. अनेक विहिरींचे पाणी मचूळ झाले. काही वाड्या सुकल्या. या उपशाविरुद्ध १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत मोठी लोकचळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या हरित वसई संरक्षण समितीने ती चालविली. एकदा खारे झालेले पाणी लवकर गोडे होत नाही, हे वसईकरांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. पुढे नदीच्या मुखाचा विचार करताना हेच पुन्हा आठवावे लागणार आहे.

सूर्या नदीवर धामणी येथे मोठे धरण आहे. त्याच्या खाली कवडास येथे एक बंधारा आहे. हा प्रकल्प आखला गेला तो मुख्यतः शेतीसाठी. डहाणू, पालघर आणि विक्रमगड या तालुक्यांतील सुमारे १४,७०० हेक्टर जमीन कालव्यांच्या पाण्याखाली यावी, अशी योजना होती. धरणासाठी अनेक आदिवासी कुटुंबांस आपली घरे व जमिनी सोडून दुसरीकडे वसावे लागले. ज्यांना कालव्याचे पाणी मिळाले त्यांनी उन्हाळी भात घेतला, भाजीपाला आणि मिरची पिकविली. पावसाळा संपताच कामधंदा शोधीत गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हिवाळ्यात व उन्हाळ्यात शेताला मिळालेले पाणी म्हणजे गावातच मिळालेली भाकरी होती. त्यामुळे धरणाचे पाणी शहरांकडे वळू लागले तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला, यात नवल नाही. तो विरोध समजून घेतल्यावाचून या नदीची गोष्ट पुरी होत नाही.

शहरास पाणी येते ते दोन वाटांनी. पहिली वाट जुनी आहे. धामणी व कवडास येथून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातूनच वाहत खाली मासवणपर्यंत येते. मासवण येथे ते पंपांनी उचलतात, धुकटन येथे शुद्ध करतात आणि मोठ्या नळांतून वसई-विरारकडे पाठवितात. या वाटेने रोज सुमारे २० कोटी लिटर पाणी येते. दुसरी वाट अलीकडची आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती बांधली. तिच्यात पाणी थेट कवडासजवळ उचलले जाते, सूर्यानगर येथे शुद्ध होते आणि मेंढवण खिंडीतील व तुंगारेश्वरच्या डोंगरातील बोगद्यांतून पुढे जाते. या योजनेचे रोजचे पाणी ४० कोटी ३० लाख लिटर इतके योजिले आहे. त्यांतील १८ कोटी ५० लाख लिटर वसई-विरारसाठी आणि २१ कोटी ८० लाख लिटर मीरा-भाईंदरसाठी आहे. वसई-विरारला या योजनेचे पाणी २०२३ साली मिळू लागले.

दोन्ही वाटांनी पाणी शहरातच येते. मग त्यांत भेद तो कोणता? भेद नदीच्या दृष्टीने आहे, आणि तो मोठा आहे. पहिल्या वाटेने येणारे पाणी कवडासपासून मासवणपर्यंत नदीतून वाहते. माणसांसाठी सोडलेले असले, तरी वाटेत ते मासे, कासवे, काठची झाडे, गुरे आणि गावच्या विहिरी यांच्या उपयोगी पडते. गावी पत्र घेऊन जाणाऱ्या टपालवाल्याने वाटेतल्या म्हातारीची मोळी उचलून द्यावी, तसे ते आहे. दुसऱ्या वाटेने जाणारे पाणी नळात बंद असते. नळ गळत नाही आणि पाणी स्वच्छ राहते, हा त्याचा लाभ. पण नदीच्या पात्रास त्याचा स्पर्शही होत नाही. किती पाणी घ्यावे हा प्रश्न सर्वांना सुचतो. ते कोठून उचलावे हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. तो मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आता थोडा हिशेब करून पाहू. दोन्ही योजनांचे मिळून रोजचे पाणी सुमारे ६० कोटी लिटर होते. एक हजार लिटर म्हणजे एक घनमीटर. म्हणून हे रोजचे ६ लाख घनमीटर झाले. वर्षाचे दिवस ३६५. गुणाकार केला की वर्षास सुमारे २२ कोटी घनमीटर येतात. धामणी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे २७ कोटी ६० लाख घनमीटर आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कवडासला धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचेही पाणी मिळते. त्यामुळे सारे २२ कोटी घनमीटर धरणाच्याच खात्यावर पडतात असे नाही. तरीही दोन संख्या शेजारी मांडल्या म्हणजे शेतीच्या, पालघरसारख्या जवळच्या गावांच्या आणि खुद्द नदीच्या वाट्यास किती कमी उरते, ते कोणाच्याही ध्यानात येईल.

वैतरणेच्या खोऱ्यावर मागणी करणारे हे एकच शहर नव्हे. मुंबईने १८९२ साली तानसा धरण पुरे केले. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाले. त्यानंतर त्याच नदीवर ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ साली मध्य वैतरणा ही धरणे आली. वरच्या अंगास एवढी दारे बसविल्यावर खालच्या अंगास काय होते, हे पाहण्यासाठी आता मुखाकडे गेले पाहिजे.

'नदीचे पाणी समुद्रात वाया जाते' हे वाक्य सभांतून आणि वर्तमानपत्रांतून वरचेवर कानी पडते. तहानलेल्या माणसाच्या तोंडी ते स्वाभाविक आहे. पण ते खरे नाही. नदी समुद्रास जेथे मिळते तेथे खाडी तयार होते. भरतीच्या वेळी समुद्राचे खारे पाणी खाडीत शिरते, ओहोटीच्या वेळी परत जाते. वरून नदीचे गोडे पाणी येत असते. दोन्ही मिळून खाडीत ना पुरते खारे, ना पुरते गोडे असे निमखारे पाणी बनते. समुद्राकडे अधिक खारे, नदीकडे अधिक गोडे, आणि मध्ये पायरीपायरीने बदलत जाणारे. पावसाळ्यात ही सीमा खाली समुद्राकडे ढकलली जाते. उन्हाळ्यात ती वर नदीत चढते. खाडीतील प्रत्येक जिवाने या पायऱ्यांपैकी आपापली पायरी धरलेली असते.

जिताडा हा मासा कोकणात सर्वांच्या परिचयाचा आहे. तो अंडी घालतो नदीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात. त्याची पिले मात्र खाडीत शिरतात, तिवरांच्या मुळांशी आसरा घेतात आणि नदीत वर चढतात. मोठी झाली की पुन्हा खाली येतात. कोकणच्या नद्यांतील गोड्या पाण्याची मोठी कोळंबी याच्या नेमकी उलट वागते. ती राहते नदीत. पण अंडी घेऊन मादी खाली निमखाऱ्या पाण्यात उतरते, कारण तिची नवजात पिले गोड्या पाण्यात जगत नाहीत. काही आठवड्यांनी ती बाळकोळंबी प्रवाहाच्या विरुद्ध पोहत वर जाते. एकाचा पाळणा खाली आणि शाळा वर. दुसरीचे घर वर आणि पाळणा खाली! दोघांनाही वाट एकच, ती म्हणजे वाहती नदी. बंधाऱ्याने ती अडली, किंवा पाणीच न आल्याने ती तुटली, तर दोघांचीही पुढची पिढी उपजत नाही.

खाडीच्या काठी चिखलात तिवरांची आणि कांदळांची दाट वने असतात. ही झाडे खारे पाणी सोसतात, म्हणून त्यांना खारेच पाणी आवडते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. अधूनमधून गोडे पाणी मिळाले तर ती जोमाने वाढतात, आणि त्यांच्या बिया रुजण्यास पावसाळ्यातील सौम्य पाणी उपकारक ठरते. त्यांच्या मुळांत चिंबोऱ्या बिळे करतात, निवट्या उड्या मारतात, बोयांची पिले लपतात. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली या वनांच्या रक्षणासाठी वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापिला. परंतु तिवरांस कुंपण घालता येते, त्यांना लागणाऱ्या पाण्यास घालता येत नाही. ते तर धामणीहून आणि त्र्यंबकच्या डोंगरांतून यावयाचे असते.

या निमखाऱ्या प्रदेशाशी ज्यांचे जीवन बांधलेले आहे, त्यांत काही प्राणी आज जगातून नाहीसे होण्याच्या मार्गावर आहेत. त्यांतील सर्वांत विलक्षण म्हणजे करवत मासा. त्याचे तोंड पुढे लांब पट्टीसारखे वाढलेले असते आणि पट्टीच्या दोन्ही कडांना दात असतात. सुताराची करवतच जणू! या करवतीने तो चिखल ढवळून भक्ष्य शोधतो. त्याच्या एका मोठ्या जातीची पिले नदीमुखांत आणि नद्यांच्या गोड्या पाण्यात वाढतात. एके काळी भारताच्या किनाऱ्यांवर तो वरचेवर मिळे. आज एखादा दिसला तरी बातमी होते. त्याच्या ऱ्हासाचे मोठे कारण मासेमारीची जाळी हे आहे, हे खरे. दातेरी करवत जाळ्यात अडकली की सुटत नाही. पण जे थोडे उरले आहेत, त्यांच्या पिलांना वाढण्यासाठी नदीमुखे तरी शाबूत हवीत. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या माशास मारणे हा गुन्हा आहे.

दुसरा प्राणी म्हणजे पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. तो मासा नव्हे. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांस दूध पाजतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो आढळतो. खोल समुद्रात तो फारसा जात नाही. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी आणि खाड्यांची मुखे हेच त्याचे घर, कारण त्याचे खाद्य तेथे असते. जगातील निसर्गतज्ज्ञांनी या जातीची गणना संकटग्रस्त प्राण्यांत केली आहे. तिसरा पाहुणा आकाशमार्गे येतो. सैबेरियात घरटे करणारा 'ग्रेट नॉट' नावाचा पाणपक्षी हजारो मैल उडून हिवाळ्यात दक्षिणेकडील समुद्रकिनारी येतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही तो उतरतो. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलातील शिंपल्या हे त्याचे अन्न. हा चिखल आला कोठून? नद्यांनी पुराबरोबर आणलेला गाळच तो! धरणाच्या भिंतीआड गाळ अडून राहिला, की मुखाशी नवा थर कमी पडतो.

मासे कमी झाले की डॉल्फिनचे पोट मारले जाते, तसे माणसांचेही. अर्नाळा आणि दातिवरे येथील कोळी व मांगेली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगत आली आहेत. शहराच्या नळाचे पाणी मोजणारे पुष्कळ आहेत. त्या पाण्याची किंमत खाडीत जाळे टाकणाराही देत असतो, हे मोजणारे थोडे.

मग शहराने पाणी घेऊच नये काय? असे म्हणणे म्हणजे हजारो घरांवर अन्याय होईल. तुळिंजच्या चाळीतील आई दोन हंड्यांसाठी रात्री जागते, तिला डॉल्फिनची गोष्ट सांगून घसा ओला होत नाही. प्रश्न पाणी घेण्याचा नाही. नदीस तिचा वाटा ठरवून देण्याचा आहे. घरात धान्य मोजताना बियाणे आधी बाजूस काढतात, मग उरलेले खाण्यास घेतात. नदीच्या बाबतीत नेमके उलटे होत आले आहे. सर्वांचे घेऊन झाल्यावर जे उरेल, ते नदीचे!

हा वाटा ठरवावयाचा कसा? कोकणातील नद्या उन्हाळ्यात मुळातच रोडावतात. म्हणून बारा महिने दुथडी पाणी हवे, असे कोणी म्हणत नाही. खाडीतील जीव उन्हाळ्याचा खारेपणा सोसण्यास सरावलेले आहेत. त्यांना हवी असते ती ऋतूंची ओळख. मृगाच्या पावसाने नदीस पहिला लोंढा आला की अनेक मासे तो निरोप समजतात आणि प्रवासास निघतात. रिकामे झालेले धरण पहिल्या पावसाचे सारे पाणी पिऊन टाकते, तेव्हा तो निरोप उशिरा पोहोचतो. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू ओसरावे लागते; दार लावल्यासारखे एकाएकी थांबून चालत नाही. तसेच, धरण भरल्यावर दारे एकदम उघडली तर खालच्या गावांस धोका होतोच, पण पात्रातील पिलेही वाहून जातात. म्हणून किती पाणी सोडले याबरोबर ते केव्हा आणि कशा चढउताराने सोडले, हेही पाहावे लागते.

उत्तर भारतातील चंबळ नदी याचे चांगले उदाहरण आहे. तेथे लांब, चिंचोळ्या जबड्याची सुसर राहते. तिची जात आता अत्यंत दुर्मीळ झाली असून चंबळ हा तिचा सर्वांत मोठा आधार आहे. तिच्यासाठी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे अभयारण्य झाले. ही सुसर मार्च-एप्रिलमध्ये नदीतील वाळूच्या बेटांवर अंडी घालते. वरच्या धरणांनी आणि कालव्यांनी पाणी फार घेतले, तर पात्र उथळ होते, बेटे काठास जोडली जातात आणि कुत्री, कोल्हे, गुरे चालत तेथे पोहोचतात. उलट, त्याच काळात एकदम पाणी सोडले तर अंडी बुडतात. अभयारण्याची सीमा नकाशावर कितीही पक्की काढली, तरी सुसरीचे नशीब वरच्या धरणाच्या चाकावर फिरत असते.

गंगेच्या बाबतीत भारत शासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये एक नियमच केला. हरिद्वारपर्यंतच्या वरच्या गंगेत, त्या त्या महिन्याच्या सरासरी प्रवाहापैकी काही हिस्सा नदीत राहिलाच पाहिजे, असे त्याने ठरविले. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत हा हिस्सा शेकडा २०, ऑक्टोबर, एप्रिल व मे महिन्यांत शेकडा २५, आणि जून ते सप्टेंबर या काळात शेकडा ३० असा आहे. ऋतूप्रमाणे हिस्सा बदलतो, हे त्यातील मर्म होय. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीनेही नदीच्या प्रवाहाचा काही भाग निसर्गाच्या गरजांसाठी राखून ठेवावा, असे सांगितले आहे. गंगा हिमाच्या पाण्याने वाहते, सूर्या केवळ पावसाच्या. म्हणून तेच आकडे येथे उचलून लावता येणार नाहीत. परंतु कवडास आणि मासवण येथे महिन्यागणिक आकडा लिहिलेली एक पाटी उभी करणे, आणि तेवढे पाणी बंधाऱ्याखाली गेल्याची रोज नोंद ठेवणे, हे अशक्य कोटीतले काम नव्हे.

नदीस वाटा द्यावयाचा तर तो आणावयाचा कोठून? याचे उत्तर बव्हंशी शहरातच सापडते. जमिनीखालील जुन्या नळांच्या सांध्यांतून पाणी गळते. ते दिसत नाही, म्हणून खुपत नाही. दुसरे म्हणजे सांडपाणी. घरात आलेल्या पाण्याच्या पाच भागांपैकी सुमारे चार भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतात, असे अभियंते हिशेबात धरतात. वसई-विरारचे बरेचसे सांडपाणी शुद्ध न होताच नाल्यांवाटे खाडीत जात आले आहे. म्हणजे खाडीला दोन्हीकडून मार! वरून यावयाचे स्वच्छ पाणी कमी झाले आणि ते पाणी शहर फिरून मळके होऊन बाजूने आले. हे सांडपाणी शुद्ध केले तर बागा, बांधकामे, कारखाने यांची गरज त्यावर भागते. नागपूर शहराने हे करून दाखविले आहे. तेथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी येथील वीजनिर्मिती केंद्रास दिले जाते, आणि तेवढे पेंच नदीचे ताजे पाणी वाचते.

तुळिंजच्या पश्चिमेस, रेल्वेच्या पलीकडे सोपारे आहे. प्राचीन काळी शूर्पारक या नावाने ते दूरदूरच्या देशांत ठाऊक असलेले बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरून काढला. सम्राट अशोकाच्या लेखांचे तुकडेही तेथे मिळाले आहेत. ज्या खाडीतून गलबते आत येत, ती आज गाळाने आणि भरावाने इतकी आक्रसली आहे की तेथे बंदर होते हे सांगूनही खरे वाटू नये. खाडीचे रूप पालटले की काठच्या माणसांचे जीवनही पालटते, याची खूण इतक्या जवळ आहे.

विक्रमगड तालुक्यात देहर्जा नदीवर आणखी एक धरण बांधण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. त्याचेही पाणी मोठ्या प्रमाणावर वसई-विरारला यावयाचे आहे. मुंबईसाठी गारगाई आणि पिंजाळ या नद्यांवर धरणांच्या योजना आखलेल्या आहेत. या तिन्ही नद्या वैतरणेच्याच खोऱ्यातल्या. या पाण्याच्या वाटणीच्या कागदांवर महानगरपालिकांची नावे असतील, कालव्यांची असतील, कारखान्यांची असतील. अर्नाळ्याच्या किल्ल्यासमोर भरती-ओहोटीच्या संगमावर जाळे टाकून बसलेला कोळी त्या कागदांत आणखी एक नाव शोधील. ते नाव वैतरणेचे.